विजेरीचे सेल : त्यांचीं मापें आणि नांवें

खेड्यापाड्यांतील शेतकऱ्याच्या घरांत ज्या थोड्या परदेशी वस्तू गेल्या शंभर वर्षांत येऊन कायमच्या रुळल्या, त्यांत विजेरीची, म्हणजे टॉर्चची, गणना प्रथम करावी लागेल. रात्रीं पाण्याची पाळी आली असतां पाटावर जाणें, अडलेल्या गाईपाशीं गोठ्यांत बसणें, पिकाची राखण करणें, पायवाटेवरचा विंचू-साप पाहणें, या कामीं विजेरीसारखा सोबती नाहीं. पण त्या विजेरीच्या पोटांत जो सेल घालावयाचा, त्याच्या नांवाविषयीं बहुतेक जण अंधारांतच असतात. दुकानांत जाऊन कोणी 'मोठा सेल' मागतो, कोणी 'पेन्सिल सेल' मागतो. वेष्टनावर मात्र 'डी', 'डबल ए', 'आर २०', 'एलआर ६' अशीं अक्षरें छापलेलीं असतात. हीं अक्षरें कोणीं ठरविलीं, कां ठरविलीं, आणि त्यांवरून घेणारास कोणती गोष्ट कळते व कोणती कळत नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय लहान दिसतो. परंतु माप सर्वत्र एकसारखें असल्यानें सामान्य गिऱ्हाइकाचें कसें हित होतें, आणि तें नसल्यास तो कसा एकाच कारखानदाराच्या दावणीस बांधला जातो, हें समजण्यास याहून सोपें उदाहरण मिळणें कठीण.

बॅटरी आणि सेल

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. 'बॅटरी' हा शब्द मूळचा लष्करी आहे. एकत्र मांडलेल्या तोफांच्या समूहास इंग्रजींत बॅटरी म्हणतात. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ व मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यानें १७४९ च्या सुमारास विजेचा संचय करणाऱ्या कांचेच्या बरण्या एकमेकींस जोडून एकदम वापरल्या आणि त्या समूहास हेंच नांव दिलें. या अर्थानें एकटा घट तो सेल, आणि अनेक सेल जोडून होते ती बॅटरी. आपल्या खेड्यांत सबंध विजेरीसच 'बॅटरी' म्हणण्याचा प्रघात आहे व तिच्या आंतील नळकांड्यांस 'सेल' म्हणतात. शहरांतील लोक या बोलण्यास हंसतात. परंतु दोन-तीन सेल ओळीनें मांडले म्हणजे बॅटरी झाली, हा मूळ अर्थ लक्षांत घेतला तर खेड्यांतील बोलीच शास्त्रास अधिक जवळची ठरते.

शुष्क घटाचा जन्म

रासायनिक क्रियेनें एकसारखी वीज देणारा पहिला घट इटलींतील व्होल्टा यानें सिद्ध केला व त्याचें वर्णन १८०० सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहून पाठविलें. आजच्या सेलाचा खरा पूर्वज मात्र फ्रान्समधील जॉर्ज लेक्लांशे याचा १८६६ चा घट होय. त्यांत एक जस्ताची कांडी, मँगनीज डायऑक्साइडच्या काळ्या भुकटीनें वेढलेली एक कोळशाची कांडी आणि नवसागराचें पाणी अशी योजना होती. तारायंत्र, दारावरची घंटा व पुढें टेलिफोन यांस तो फार उपयोगी पडला. पण त्यांतील पाणी सांडे, आटे, आणि घट आडवा करण्याची सोय नसे.

ही अडचण जर्मनींतील माइन्त्स येथील कार्ल गासनर यानें दूर केली. त्यानें नवसागरांत प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळून लगदा केला, आणि जस्ताची निराळी कांडी न ठेवतां जस्ताचेंच भांडें करून त्यांत हा लगदा व काळा मसाला भरला. अशा रीतीनें भांडें हेंच घटाचें एक टोक झालें. या युक्तीचें पेटंट त्यानें १८८६ मध्यें जर्मनींत व पुढील वर्षीं अमेरिकेंत घेतलें. हाच शुष्क घट. कसाही धरला तरी न सांडणारा घट हातीं आल्यावर वीज खिशांत घालून नेण्याचा मार्ग मोकळा झाला.

अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरच्या नॅशनल कार्बन कंपनीनें १८९६ पासून 'कोलंबिया' नांवाचा शुष्क घट मोठ्या प्रमाणावर विक्रीस काढला. तो सहा इंच उंच व अडीच इंच जाड होता. त्यावरून या मापास 'नंबर ६' असें नांव पडलें. टेलिफोनच्या पेटींत आणि आरंभीच्या मोटारगाड्यांत ठिणगी पाडण्यासाठीं असे घट पुष्कळ वर्षें वापरांत होते. येथें नांव आणि माप यांची सांगड उघड दिसते. पुढें ती सुटली, आणि ती कशी सुटली हाच आपल्या कथेचा मुख्य भाग आहे.

जितके कारखाने तितके क्रमांक

सहा इंची घट हातांत धरून चालण्याजोगा नव्हता. नॅशनल कार्बन कंपनीनें १८९८ मध्यें त्याहून पुष्कळ लहान असा सेल काढला. आज ज्यास आपण 'मोठा सेल' किंवा 'डी' म्हणतों तो हाच. पुढील वर्षीं न्यूयॉर्कमध्यें डेव्हिड मायझेल यास नळीच्या आकाराच्या हातविजेरीचें पेटंट मिळालें. कॉनरॅड ह्यूबर्ट नांवाच्या, रशियांतून अमेरिकेंत येऊन स्थायिक झालेल्या उद्योगी गृहस्थानें ती कल्पना हातीं घेऊन 'एव्हर रेडी' या नांवानें विजेऱ्यांचा धंदा उभारला. मोठ्या सेलाच्या मागून मधल्या व बारीक मापांचेही सेल आले. आज ज्यास पेन्सिल सेल म्हणतात तो अमेरिकन एव्हर रेडी कंपनीनें १९०७ मध्यें काढला.

विजेऱ्या खपूं लागल्या तसे सेल करणारे कारखानेही वाढले. प्रत्येक कारखाना आपल्या सेलास आपलाच क्रमांक देई. एका कारखान्याची विजेरी घेतल्यावर तिला दुसऱ्या कारखान्याचा सेल बसेलच असा भरंवसा नसे. ही स्थिति आपल्या वाचकांस अपरिचित वाटणार नाहीं. आपल्याकडे पायली आणि शेर हीं मापें तालुक्या-तालुक्यांत निराळीं असत, आणि एका बाजारांत मोजलेलें धान्य दुसऱ्या बाजारांत कमी कसें भरलें, याचा उलगडा शेतकऱ्यास होत नसे. माप ज्याच्या हातीं, व्यवहार त्याच्या हातीं, हा अनुभव जुना आहे. वजनमापांचा कायदा १९५६ मध्यें होऊन किलो व लिटर हीं मापें देशभर क्रमाक्रमानें चालू झालीं, तेव्हां कोठें तो गोंधळ मिटण्यास आरंभ झाला.

सेलांच्या बाबतींत हें काम अमेरिकेंत पहिल्या महायुद्धानें सुरू केलें. सैन्यासाठीं सरकारी खरेदी मोठी होऊं लागली. घेणारा एक आणि पुरविणारे अनेक असें होतांच मापाचा प्रश्न पुढें आला. तेथील 'ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स' या वजनमापांच्या सरकारी संस्थेनें इतर खात्यांच्या व कारखानदारांच्या साह्यानें सेलांच्या मापांची व कसोट्यांची योजना तयार केली, आणि १९१९ मध्यें ती शुष्क घटांवरील आपल्या पत्रकांत प्रसिद्ध केली. नंतर १९२४ मध्यें कारखानदार आणि सरकारी अधिकारी यांनीं एकत्र बसून सेलांस इंग्रजी वर्णमालेंतील अक्षरें देण्याचें ठरविलें. १९२८ मध्यें या पद्धतीस राष्ट्रीय प्रमाणसंस्थेची मान्यता मिळाली.

पद्धत साधी होती. लहान सेल तो 'ए', त्याहून मोठा 'बी', मग 'सी', मग 'डी', आणि पुढें 'एफ' वगैरे. सहा इंची घटाचें 'नंबर ६' हें जुनें नांव तसेंच राहूं दिलें. परंतु 'ए' हून बारीक असा पेन्सिल सेल खपूं लागला तेव्हां अडचण आली. कारण 'ए' च्या अलीकडे वर्णमालेंत अक्षरच नाहीं. म्हणून तेंच अक्षर दोनदां लिहून 'डबल ए' असें नांव केलें, आणि १९४७ मध्यें तें अधिकृत प्रमाणांत आलें. त्याहून बारीक सेल आला तो 'ट्रिपल ए' झाला. याहीपेक्षां बारीक, चार 'ए' चा सेल आहे. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचें पत्र्याचें वेष्टन उघडल्यास कित्येकदां असे सहा सेल आंत ओळीनें जोडलेले आढळतात.

रेडिओचीं निराळीं अक्षरें

त्याच सुमारास रेडिओचा प्रसार झाला आणि एक नवा घोटाळा उत्पन्न झाला. कांचेच्या दिव्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, जे जुने रेडिओ होते, त्यांस तीन प्रकारची वीज लागे. दिव्याची तार तापविण्यासाठीं कमी दाबाची, आंतील पत्र्यास पुरविण्यासाठीं जास्त दाबाची, आणि जाळीस देण्यासाठीं तिसरी. अमेरिकेंत या तीन बॅटऱ्यांस अनुक्रमें 'ए बॅटरी', 'बी बॅटरी' आणि 'सी बॅटरी' अशीं नांवें पडलीं. म्हणजे अक्षरें तींच, परंतु अर्थ अगदींच निराळा : 'सी सेल' म्हटलें कीं माप कळावें, आणि 'सी बॅटरी' म्हटलें कीं रेडिओंतील जागा कळावी. 'बी' बॅटरी पंचेचाळीस व्होल्टची असली तर तिच्या पोटांत दीड व्होल्टचे तीस लहान सेल एकास एक जोडलेले असत. विलायतेंत यांसच दाबावरून 'हाय टेन्शन' व 'लो टेन्शन' म्हणत, आणि तें अधिक सयुक्तिक होतें.

वीज न पोहोंचलेल्या गांवांत बॅटरीच्या रेडिओचा खर्च हीच मोठी अडचण असे. सेट एकदांच घ्यावयाचा, पण बॅटऱ्या मात्र पुनः पुनः घ्याव्या लागत. १९४७ मध्यें अमेरिकेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढील पंधरा-वीस वर्षांत रेडिओचें रूप पालटलें. तापविण्याची तार गेली, जास्त दाबाची गरज गेली, आणि विजेरीचेच दोन-चार सेल घालून रेडिओ बोलूं लागला. १९५६ मध्यें पुणें रेडिओ केंद्रानें पांच मराठी जिल्ह्यांतील १५० गांवांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें भरवून जो प्रसिद्ध प्रयोग केला, तो याच पालटाच्या उंबरठ्यावरचा होय. त्यानंतर ट्रान्झिस्टर शेताच्या बांधावर पोहोंचला, याचें एक कारण असें कीं, त्यास लागणारा सेल गांवच्या वाण्याकडे विजेरीसाठीं आधींपासूनच ठेवलेला होता.

'ए' आणि 'बी' कोठें गेले ?

'सी' आणि 'डी' दुकानांत मिळतात, 'डबल ए' व 'ट्रिपल ए' मिळतात. मग 'ए' आणि 'बी' कां मिळत नाहींत, असा प्रश्न साहजिक आहे. हीं मापें रद्द झालीं नव्हतीं. तीं मुख्यतः अनेक सेल जोडून केलेल्या बंद बॅटऱ्यांच्या आंत राहत, आणि सुटीं विकलीं जाण्याचा प्रसंग थोडा येई. साडेचार व्होल्टची जी चपटी बॅटरी, जिच्या माथ्यावर पितळी पट्ट्या असतात, तिच्यांत 'बी' मापाचे तीन सेल असतात. 'ए' माप पुनः भरतां येणाऱ्या बॅटऱ्यांच्या संचांत वापरलें गेलें. कंदिलाच्या सहा व्होल्टच्या मोठ्या बॅटरींत 'एफ' मापाचे चार सेल असतात. म्हणजे तुटलेल्या दिसणाऱ्या या मालेचे मणी हरवलेले नाहींत, फक्त डोळ्यांआड आहेत.

देशोदेशींचीं नांवें

अमेरिकेचीं अक्षरें सर्व जगानें तशींच घेतलीं असें मात्र झालें नाहीं. इंग्लंडांत एव्हर रेडी कंपनीच्या मोठ्या सेलास 'यू २', मधल्यास 'यू ११' आणि पेन्सिल सेलास 'यू ७' म्हणत. जर्मनींत मोठा तो 'मोनो', मधला 'बेबी', पेन्सिल 'मिन्योन' आणि त्याहून बारीक तो 'मायक्रो'. जपानांत सर्वांत मोठा 'तान-इची' म्हणजे पहिला, मधला 'तान-नी' म्हणजे दुसरा, पेन्सिल सेल 'तान-सान' म्हणजे तिसरा. तेथें क्रमांक वाढतो तसा सेल लहान होतो. आपल्या देशांत सेल प्रथम परदेशांतून येत. १९३९ मध्यें एव्हरेडी कंपनीनें कलकत्त्यास कारखाना काढला. सामान्य लोकांनीं मात्र कोणाचींच अक्षरें न स्वीकारतां 'मोठा', 'मधला' आणि 'पेन्सिल' हींच नांवें चालविलीं, आणि तीं आजतागायत चालूं आहेत.

या सर्वांस एका सूत्रांत गोंवण्याचें काम आंतरराष्ट्रीय विद्युत् आयोगानें केलें. त्याच्या पद्धतींत 'आर' म्हणजे गोल आकार, 'एफ' म्हणजे चपटा, आणि पुढील आंकडा म्हणजे ठरलेलें माप. मोठा सेल 'आर २०', मधला 'आर १४', पेन्सिल 'आर ६', बारीक पेन्सिल 'आर ०३'. अक्षराच्या आधीं 'एल' असल्यास आंतील मसाला अल्कलाइन जातीचा समजावा. म्हणून 'एलआर ६' म्हणजे अल्कलाइन पेन्सिल सेल. सर्वांच्या आरंभीं आंकडा असल्यास तितके सेल एकास एक जोडले आहेत असें जाणावें. नऊ व्होल्टच्या बॅटरीवरील '६ एफ २२' याचा अर्थ चपटे सहा सेल. घड्याळांतील व वजनकांट्यांतील चपट्या बटनासारख्या सेलावर 'सीआर २०३२' असें असतें. त्यांतील 'सी' ही लिथियमच्या मसाल्याची खूण, २० हा मिलिमीटरमधील व्यास, आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. येथें 'नंबर ६' प्रमाणेंच नांव पुनः मापास येऊन मिळालें.

मापावरून काय कळतें ?

आतां व्यवहाराकडे वळूं. मोठा सेल अधिक व्होल्टचा असतो अशी समजूत पुष्कळांची असते. ती खरी नाहीं. व्होल्टचा आंकडा मसाल्यावर अवलंबून असतो, आकारावर नाहीं. जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा सेल हरभऱ्याएवढा केला काय किंवा घागरीएवढा केला काय, तो दीड व्होल्टच देईल. विहिरीवरील टाकीचा दृष्टांत घ्यावा. टाकी जितक्या उंचीवर असेल तितका नळास दाब मिळतो. आणि टाकी जितकी रुंद असेल तितका वेळ पाणी पुरतें. व्होल्ट ही टाकीची उंची, सेलाचा आकार ही टाकीची रुंदी. दोन टाक्या एकावर एक चढविल्या तर दाब वाढतो, तसे दोन सेल ओळीनें ठेवले म्हणजे तीन व्होल्ट होतात.

साठा किती कमी-जास्त असतो हें ठरलेल्या कमाल मापांवरून काढतां येतें :

मोठा सेल (डी) : उंची ६१.५ मि.मी., व्यास ३४.२ मि.मी.; घनफळ सुमारें ५६ घन सेंटिमीटर.
मधला सेल (सी) : उंची ५० मि.मी., व्यास २६.२ मि.मी.; घनफळ सुमारें २७.
पेन्सिल सेल (डबल ए) : उंची ५०.५ मि.मी., व्यास १४.५ मि.मी.; घनफळ सुमारें ८.३.
बारीक पेन्सिल (ट्रिपल ए) : उंची ४४.५ मि.मी., व्यास १०.५ मि.मी.; घनफळ सुमारें ३.८.

म्हणजे एका मोठ्या सेलांत दोन मधल्या सेलांचा किंवा जवळजवळ सात पेन्सिल सेलांचा मसाला मावतो. एकाच जातीच्या मोठ्या सेलाची किंमत सात पेन्सिल सेलांपेक्षां कमी असेल, तर रात्रभर जळणाऱ्या दिव्यासाठीं मोठ्या सेलाचा दिवा घेणेंच स्वस्त पडतें. हा हिशेब दुकानांत उभ्याउभ्यां करण्याजोगा आहे.

अंगरखा एक, आंतील माल निराळा

माप कळलें तरी आंत काय आहे हें कळत नाहीं, आणि यांत लाभ व धोका दोन्ही आहेत. लाभाचें उदाहरण असें. १९५५ मध्यें लुईस उरी नांवाचा कॅनडांतील तरुण रसायनज्ञ अमेरिकेंत पार्मा येथील एव्हरेडीच्या प्रयोगशाळेंत आला. सेल अधिक टिकाऊ करण्याचें काम त्याजकडे होतें. त्यानें नवसागराऐवजीं क्षार घेतला, जस्ताच्या पत्र्याऐवजीं जस्ताची भुकटी वापरली, आणि हा मसाला विजेरीच्या रिकाम्या सेलाच्या भांड्यांत भरला. दोन खेळण्यांतील मोटारी घेऊन एकींत जुना व दुसरींत नवा सेल घालून त्या वरिष्ठांपुढें पळविल्या. जुन्या सेलाची गाडी थोडक्यांत थांबली व नव्या सेलाची फेऱ्या घालीतच राहिली, अशी कथा प्रसिद्ध आहे. १९५९ मध्यें हे अल्कलाइन सेल बाजारांत आले. आकार जुनाच असल्यामुळें कोणासही विजेरी बदलावी लागली नाहीं. ठरलेल्या मापाचा हा मोठा गुण होय कीं, आंतील सुधारणेचा फायदा जुनें साधन वापरणाऱ्या गरीब माणसासही मिळतो.

धोकाही याच अंगरख्यांत दडलेला असतो. पुनः भरतां येणारा निकेलचा पेन्सिल सेल दीड नव्हे तर १.२ व्होल्टचा असतो. बहुतेक यंत्रांस तेवढें चालतें. पुनः भरावयाचे कांहीं 'मोठे' सेल वस्तुतः मोठ्या वेष्टनांत बसविलेले लहान सेल असतात. हातांत घेतांच हलके लागतात तेच ते. चांगला मोठा अल्कलाइन सेल सुमारें १४० ग्रॅम भरतो आणि पेन्सिल सेल सुमारें २३ ग्रॅम. सर्वांत घातक प्रकार म्हणजे '१४५००' आंकड्याचा लिथियम सेल. तो आकारानें हुबेहूब पेन्सिल सेलासारखा, पण सुमारें ३.७ व्होल्टचा असतो. तो साध्या यंत्रांत घातल्यास दुपटीहून अधिक दाब जाऊन यंत्र जळण्याचा संभव असतो. म्हणून आकार जुळला तरी व्होल्टचा आंकडा वाचल्याशिवाय सेल बसवूं नये.

शेतकऱ्यांनीं यांतून काय घ्यावें ?

आज शेतावर बॅटरीचीं साधनें वाढत आहेत : फवारणीचे पंप, कुंपणाचीं झटका यंत्रें, सौर कंदील, ओलावा मोजण्याचीं यंत्रें. फवारणीच्या पंपांत बहुधा १२ व्होल्टची, सात किंवा आठ अँपिअर-तासांची सीलबंद शिशाची बॅटरी असते. हिचें माप रूढ असल्यामुळें ती तालुक्याच्या गांवीं कोठेंही मिळते. उलट लिथियमचे नवे संच पुष्कळदां प्रत्येक कारखाना आपल्याच घाटाच्या पेटींत आणि आपल्याच खटक्यानें देतो. आंतील सेल बहुधा '१८६५०' म्हणजे १८ मि.मी. व्यास व ६५ मि.मी. लांबी या सर्वत्र चालणाऱ्या मापाचेच असतात. वरची पेटी मात्र दुसऱ्या पंपास बसत नाहीं. दोन हंगामांनंतर संच निकामी झाला आणि कारखान्यानें तो नमुना करणें सोडलें, तर सबंध पंप अडगळींत जातो. सन १९२४ पूर्वींची विजेरीची जी स्थिति होती, तीच ही.

अमेरिकेंतील कारखानदार एकत्र बसले, त्यांस मोठ्या खरेदीदाराचा रेटा कारण झाला, हें वर आलेंच आहे. एकटा शेतकरी असा रेटा लावूं शकत नाहीं. त्याची संस्था लावूं शकते. सभासदांसाठीं पन्नास पंप किंवा शंभर कंदील एकदम घेतांना विक्रेत्यास पुढील गोष्टी लेखी विचाराव्या : बॅटरीचें माप कोणतें व तें इतर कारखान्यांचें मिळतें काय, व्होल्ट व अँपिअर-तास किती, बॅटरी हत्याराशिवाय किंवा साध्या पेचकसानें काढतां येते काय, नवीन संचाची आजची किंमत काय, आणि भारतीय मानक संस्थेची खूण मालावर आहे काय. दोन मालांची किंमत थोडी कमी-जास्त असली तरी ज्याची बॅटरी गांवांत मिळेल तो घ्यावा. ट्रॅक्टरचा पी. टी. ओ. दांडा मिनिटास ५४० फेरे घेईल असें सर्वांनीं मानलें, म्हणूनच एकाच्या ट्रॅक्टरला दुसऱ्याचें मळणीयंत्र लागतें. बॅटरीच्या बाबतींतही हाच आग्रह धरला पाहिजे.

साध्या सेलांविषयींही दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. जुना व नवा किंवा दोन जातींचे सेल एकाच विजेरींत घालूं नयेत. दुबळा सेल आधीं संपतो आणि इतरांच्या जोरानें उलटा भरला जाऊन फुटतो व गळतो. साध्या सेलाचें जस्ताचें भांडें हेंच त्याचें जळण असल्यामुळें तें झिजत जातें. यासाठीं बरेच दिवस न लागणाऱ्या यंत्रांतून सेल काढून ठेवावे. साधे सेल पुनः भरण्याचा यत्न करूं नये, आणि कोणताही सेल चुलींत किंवा उकिरड्यावर टाकूं नये. बटनासारखे चपटे सेल लहान मुलांच्या हातीं पडूं देऊं नयेत. गिळल्यास दोन तासांच्या आंत अन्ननलिका भाजते, म्हणून त्या प्रसंगीं वाट न पाहतां मूल दवाखान्यांत न्यावें.

निकामी सेल व बॅटऱ्या इतर केरकचऱ्यांत न मिसळतां निराळ्या द्याव्या, आणि त्या परत घेऊन त्यांतील धातू पुनः काढण्याची जबाबदारी उत्पादकांनीं उचलावी, असे नियम केंद्र सरकारनें २०२२ मध्यें केले आहेत. संस्थेच्या गोदामांत एक कोरडा डबा त्यासाठीं ठेवला, आणि सभासद नवीन माल घेण्यास येतील तेव्हां जुना घेऊन येतील असा पाठ पाडला, तर शेताच्या मातींत व विहिरीच्या पाण्यांत शिसें व इतर धातू जाण्याचें टळेल. पुढील हंगामाची फवारणीची खरेदी ठरविण्यापूर्वीं प्रत्येक संस्थेनें वरील पांच प्रश्नांचा कागद आपल्या मागणीपत्रास जोडला, एवढें झालें तरी या लेखाचें काम झालें असें समजूं.